शिमगा ते मृग : जंगलराखणीचा एक हंगाम



भांडुपच्या पश्चिमेला, इमारतींच्या आणि चाळींच्या पाठीमागे, डोंगरांची एक रांग आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसते, शिमग्यानंतर तपकिरी होते. तुमच्यापैकी कित्येकांच्या शाळेच्या गच्चीवरून ती रोज दिसत असेल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच माथा सुमारे ४६८ मीटर. दीड कोटीच्या आसपास माणसे राहतात त्या महानगराच्या मधोमध एवढे मोठे जंगल उभे आहे, ही गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

आता एक प्रश्न वर्गात विचारून पाहा. हे जंगल राखणारा माणूस दिवसभर काय करतो? उत्तरे ठरलेली येतील. तो बंदूक घेऊन फिरतो, बिबट्याला पकडतो, चोरांच्या मागे धावतो. ही उत्तरे अगदीच चूक नाहीत, पण ती सगळी त्याच्या कामाच्या एका कोपऱ्यातली आहेत. त्याचे खरे काम आहे चालणे, पाहणे आणि लिहून ठेवणे. म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत ज्याला निरीक्षण व नोंद म्हणता, तेच. माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रत्येक सशक्त तरुणाने आणि तरुणीने आयुष्यात एक हंगाम हे काम करून पाहावे, आणि तशी सोय आपल्या राज्याने करून द्यावी. असे का म्हणतो, ते सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. इंग्रजी पुस्तकांत आणि चित्रपटांत ‘रेंजर’ भेटतो, तो डोंगरातल्या उद्यानात पायी हिंडणारा रखवालदार असतो. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. तो एका परिक्षेत्राचा प्रमुख. त्याच्या हाताखाली परिमंडळे असतात, त्यांवर वनपाल असतो. परिमंडळाचे आणखी तुकडे पडतात, त्यांना नियतक्षेत्र म्हणतात. बोलताना सगळे ‘बीट’च म्हणतात. या बीटवर जो पायी फिरतो तो वनरक्षक, लोकांच्या तोंडी ‘गार्ड’. त्याच्या जोडीला वनमजूर असतात. या उद्यानात त्यांतले बरेचजण जवळच्या आदिवासी पाड्यांतलेच असतात. तेव्हा आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो आपला गार्ड.

समजा, यंदाच्या शिमग्यापासून मृगापर्यंत तुम्हाला भांडुपच्या बाजूच्या डोंगरावर त्याच्याबरोबर काम करायचे आहे. हा हंगाम मी मुद्दाम निवडला, कारण जंगलाच्या दृष्टीने वर्षातला हाच सर्वांत अवघड काळ.

पहिले काम आगीचे. साग, ऐन, पळस यांची पाने गळून पडलेली असतात, गवत वाळून कोळ झालेले असते. इथल्या जंगलात वणवा आपोआप लागत नाही. एखाद्याने टाकलेली विडी, मध काढण्यासाठी केलेला धूर, कडेचा पेटवलेला कचरा, असे काहीतरी निमित्त असते. म्हणून गार्ड आणि वनमजूर हंगामाच्या सुरुवातीलाच जाळरेषा काढतात. म्हणजे जमिनीचा एक लांब पट्टा गवत आणि पाचोळा काढून मोकळा करतात. जळायला काही नसले की आग तिथे थांबते. तरीही वणवा लागलाच, तर हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा पाचोळा उडवणाऱ्या यंत्राने ती विझवतात.

आगीजवळ जाताना गार्ड तुम्हाला एक नियम सांगेल : उतारावर आग खाली असेल तर तिच्या वर कधीही उभे राहू नका. यामागचे शास्त्र घरी, मोठ्या माणसांच्या देखत, एका काडीवर पाहता येईल. पेटलेली काडी गूल वर करून धरली तर ती सावकाश जळते. गूल खाली केले की ज्वाळा झपाट्याने वर, बोटांकडे धावते. उष्ण हवा वर जाते आणि पुढचे लाकूड आधीच तापवून ठेवते. डोंगराचा उतार ही तशीच खाली गूल केलेली काडी आहे. पाठ्यपुस्तकात ‘अभिसरण’ या शब्दाला दोन गुण असतात. इथे तो शब्द विसरला तर जीव जाऊ शकतो.

दुसरे काम पाण्याचे. एप्रिलमध्ये ओढे आटतात. प्राण्यांना पाणी मिळावे म्हणून ठेवलेले पाणवठे तपासायचे, साफ करायचे, भरायचे. पाणवठ्याच्या काठचा ओला चिखल म्हणजे गार्डची पाटी. चितळाचा दुभंगलेला खूर, रानडुकराचा खूर आणि त्यामागे उमटलेले दोन छोटे ठिपके, मुंगसाची नखे, बिबट्याचा नखांवाचून उमटलेला गोल ठसा. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात, बिबट्याच्या दिसत नाहीत, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. ठसा कोणाचा, ताजा की शिळा, कोणत्या दिशेने गेला, हे ठरवायचे आणि वहीत लिहायचे.

वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजण्याची जुनी पद्धत तुम्ही ऐकली असेल. चांदणे भरपूर आणि पाणी थोडे, म्हणून ती रात्र. पण विचार करा, या मोजणीत दोष कोणते? एकच भेकर दोनदा आले तर ते दोन म्हणून लिहिले जाईल. जे त्या रात्री आलेच नाही, ते नोंदलेच जाणार नाही. म्हणून आज संख्येसाठी कॅमेरा ट्रॅप वापरतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. प्राणी पुढून गेला की आपोआप छायाचित्र निघते. दोन का? कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. आणि प्रत्येक बिबट्याची नक्षी निराळी असते, जसे तुमच्या अंगठ्याचे ठसे. निकित सुर्वे यांनी २०१५ साली याच पद्धतीने या उद्यानात व आरे परिसरात निरनिराळे ३५ बिबटे ओळखले. हे काम करायला कॅमेरे लागतात, संगणक लागतो, हे खरे. पण कॅमेरा कोणत्या झाडाला बांधायचा हे कोण सांगतो? ज्याने त्या वाटेवर रोज ठसे पाहिले आहेत तो.

बिबट्यांच्या विष्ठेचाही अभ्यास होतो. तिच्यात न पचलेले केस असतात. सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या आतली रचना पाहून भक्ष्य कोण होते ते कळते. या उद्यानाच्या अभ्यासात असे आढळले, की बिबट्यांच्या आहारातला जवळजवळ चौथा हिस्सा भटक्या कुत्र्यांचा आहे. निम्म्याहून अधिक आहार अर्थात रानातल्या प्राण्यांचाच.

आता डोंगरावरून खाली भांडुपकडे पाहा. कुत्री कशावर जगतात? कडेला टाकलेल्या कचऱ्यावर. म्हणजे साखळी अशी : आपण उष्टे टाकतो, त्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांसाठी बिबट्या कडेला येतो, आणि संध्याकाळी तिथेच एखादे मूल एकटे खेळत असते. जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या अन्नसाखळीची पहिली कडी आपल्या घरातल्या डब्यात आहे.

२००४ साली, विशेषतः त्या वर्षीच्या जून महिन्यात, या उद्यानाच्या आसपास बिबट्यांचे अनेक हल्ले झाले आणि माणसे दगावली. तेव्हा सर्वांच्या तोंडी एकच मागणी होती : पकडा आणि लांब नेऊन सोडा. ऐकायला हा उपाय सरळ वाटतो. पण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे पाहिले ते नेमके उलटे होते. तिथे १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरलेला असतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

शिवाय तो सोडला तिथे राहील याची खात्री काय? २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका प्रौढ बिबट्याला वाचवून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले. महिनाभराच्या आतच तो शंभर-सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईजवळच्या या जंगलात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

सांगायचे हे, की जंगलाविषयी ज्या गोष्टी आपल्याला ‘उघड’ वाटतात त्या पुष्कळदा खोट्या निघतात. त्या खोट्या आहेत हे कळते ते पायी हिंडून, मोजून, लिहून ठेवणाऱ्यांमुळे. आणि यासाठी किंमतही मोजावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती कोणाच्या मागे धावत नव्हती. व्याघ्रगणनेसाठी ठरलेल्या वाटेवर चालत, खुणा नोंदवत होती. तिला मी शास्त्रीय काम करताना मरण आलेली व्यक्ती मानतो.

गार्डच्या कामाचा आणखी एक भाग आहे, आणि तो प्राण्यांहून अवघड आहे. तो म्हणजे माणसे. भांडुपच्या बाजूला खिंडीपाडा, हनुमान टेकडी अशा वस्त्या थेट डोंगराला टेकलेल्या आहेत. तुमच्यापैकी काहीजण तिथेच राहत असतील. १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली, १९९७ मध्ये न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्या काळी गार्ड ज्यांच्या दारात उभा राहिला त्यांच्या दृष्टीने तो काय होता, याची कल्पना करा. आजही मोळी घेऊन येणाऱ्या बाईला अडवणारा तोच असतो. कायदा त्याच्या बाजूचा, गरज तिच्या बाजूची.

या प्रश्नाला सोपे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला शहरात परवडेल असे घर मिळत नाही तो डोंगरावर चढतो. हा दोष डोंगराचा नाही आणि चढणाऱ्याचाही सर्वस्वी नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. उतारावरची झाडे गेली की पावसाचे पाणी मुरत नाही, मातीसकट खाली येते, आणि ते पहिल्यांदा शिरते ते त्याच वस्तीत. १८ जुलै २०२१ च्या पहाटे भांडुप संकुलात, म्हणजे मुंबईचे बहुतेक पाणी जिथे शुद्ध होते तिथे, पावसाचे पाणी घुसले आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा बंद पडला. पाण्यातच उभे राहून पाण्यासाठी थांबण्याची वेळ लाखो लोकांवर आली. एवढ्या पावसापुढे कोणतेही जंगल संपूर्ण रक्षण करील असे नाही. पण उघडा डोंगर ते संकट वाढवतो, एवढे निश्चित.

उद्यानाच्या पोटात दोन तलाव आहेत : १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी. दोघांची मिळून साठवण सुमारे ३५,७४४ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. भागाकार करा. सव्वानऊ दिवस! तुम्ही म्हणाल, ‘नऊ दिवसांच्या पाण्यासाठी एवढा खटाटोप?’ पण जुन्या मुंबईला नळाचे पहिले पाणी विहारनेच दिले, आणि हे पाणी इतके वर्षे पिण्याजोगे राहिले ते भोवतालच्या उतारांवर जंगल उभे होते म्हणून. शिवाय एखाद्या वर्षी मृग कोरडा गेला की त्या नऊ दिवसांचे मोल कळते.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे खाते १९१६ मध्ये स्थापन झाले. तिथे उन्हाळ्याच्या हंगामापुरती हजारो माणसे कामावर घेण्याची जुनी चाल आहे. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, सुट्टीतले शिक्षक असतात. हंगाम संपला की ते आपापल्या कामाला परततात, पण जंगल कसे चालते हे त्यांना आयुष्यभर ठाऊक राहते. त्यांतला कोणी पुढे वकील होतो, कोणी इंजिनिअर. रस्ता आखताना किंवा खटला लढवताना त्याला तो उन्हाळा आठवतो.

आपल्याकडे असा हंगाम का असू नये? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना शिमगा ते मृग, मानधन देऊन, गार्डच्या हाताखाली ठेवावे. जाळरेषा, पाणवठे, ठशांच्या नोंदी, वस्तीत जाऊन लोकांशी बोलणे, ही कामे त्यांना द्यावीत.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला धोक्याचा. धोका आहे, म्हणूनच प्रशिक्षणाशिवाय आणि गार्डच्या सोबतीशिवाय कोणी आत जाऊ नये. दुसरा, ही मुले सहल समजून येतील. येतील काही, पण एप्रिलच्या उन्हात आठ दिवस डोंगर चढला की सहलीची हौस आपोआप फिटते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : फुकट किंवा स्वस्त मुले मिळाली की वनमजुरांची मजुरी जाईल. हे होता कामा नये. पाड्यावरच्या वनमजुराला जंगल जितके कळते तितके शहरातल्या मुलाला एका हंगामात कळणार नाही. त्याच्या जागी कोणाला नेमायचे नाही. त्याच्याकडून शिकायला पाठवायचे आहे. या उद्यानातले वारली वाघोबाला देव मानतात, त्याची पूजा करतात. बिबट्याशेजारी राहावे कसे, हे ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. या विद्येचे शिक्षक तेच.

ही योजना होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही काय कराल? परवानगीवाचून जंगलात शिरू नका. तो गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. पण जंगलाची कड तर तुमचीच आहे. माझी शिक्षकांना विनंती आहे, की भांडुप, मुलुंड, बोरिवलीच्या प्रत्येक शाळेने ‘कडेची वही’ सुरू करावी. रस्त्यावरच्या एका कचरापेटीजवळ, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून एकदा, उजेडात, किती कुत्री दिसतात ते मोजा. डोंगरावर पहिला धूर कोणत्या तारखेला दिसला ते लिहा. पळस कधी फुलला, पावश्या पहिल्यांदा कधी ओरडला, पहिला पाऊस केव्हा पडला, हे सारे लिहा. बिबट्या दिसल्याची बातमी आली तर कोणी, कुठे, किती वाजता पाहिला ते नीट विचारून घ्या. ऐकीव आणि पाहिलेले वेगवेगळ्या रकान्यांत टाका. अफवा आणि माहिती यांतला फरक शिकण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही.

एका वर्षाच्या वहीतून फारसे कळणार नाही, हेही सांगून ठेवतो. या डोंगरावर कारवी नावाचे झुडूप आहे. ते आठ वर्षांतून एकदाच सामुदायिक फुलते. २००८ मध्ये फुलले, २०१६ मध्ये फुलले, २०२४ मध्ये फुलले. २०२४ साली नोकरीला लागलेल्या गार्डला निवृत्तीपर्यंत आणखी चार फुलोरे पाहायला मिळाले तर पुष्कळ. जंगलाचे घड्याळ असे सावकाश चालते. म्हणून वही शाळेने ठेवावी, आणि एका तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.

जाता जाता व्यवहाराची एक गोष्ट. महाराष्ट्रात वनरक्षक व्हायला बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. लेखी परीक्षा असते, धावण्याची कसोटी असते, आणि चार तासांत पुरुषांना पंचवीस किलोमीटर व स्त्रियांना त्याहून बरेच कमी अंतर चालून दाखवावे लागते. डॉक्टर, इंजिनिअर होण्याची स्वप्ने तुम्ही जरूर पाहा. पण तुमच्या वर्गातली एखादी मुलगी म्हणाली, ‘मला गार्ड व्हायचे आहे,’ तर तिला हसू नका. घरच्यांनी नाक मुरडले तर त्यांना पश्चिमेकडचा डोंगर दाखवा आणि विचारा, तो अजून उभा आहे तो कोणाच्या पायांवर?